उसातली इंग्रजी बाई

यंत्रांचं आणि माझं पहिल्यापासून जमतं बरं का! निरगुडसरात कुणाच्याही मोटरीचा स्टार्टर गुरगुरायला लागला की आधी मला हाक येते, मग वायरमनला. माझा जुना फोन तर मी डोळे मिटून चालवायचो. त्याची काच उन्हाळ्यातल्या रानासारखी भेगाळली होती, पण कुठल्या भेगेमागं काय आहे ते मला तोंडपाठ! म्हणून हर्षालीनं जेव्हा माझ्यासाठी नवा आयफोन आणला, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आण इकडं! फोन तो फोन. नांगर बदलला म्हणून काय शेतकरी नांगरट विसरतो?"

हर्षाली आमची थोरली. अवसरीच्या कॉलेजात इंजिनियर झाली, आता चाकणला कंपनीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, ह्याची सिस्टीम वेगळी आहे. मी सुट्टी काढून थांबू का? नीट शिकवते."

"मला शिकवतेस?" मी असा खदाखदा हसलो की गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवली!

पोरगी बिचारी माझे नंबर, फोटो, सगळं नव्या फोनात घालून चाकणला गेली आणि माझे हाल सुरू झाले.

पहिली अडचण म्हणजे ह्या फोनला मागं जायचं बटणच नाही! जुन्यात खाली एक खूण होती, ती दाबली की माणूस आल्या वाटेनं परत. इथं मी नारायणगावचे टोमॅटोचे भाव उघडले आणि त्यात जो अडकलो, तो अडकलोच! वर सरकवलं, खाली सरकवलं, फोन झटकून पाहिला.

"फोनकडं असं काय बघताय?" आमच्या मोहिनीनं विचारलं.

"बाहेर पडता येईना गं!"

"मग जेवायला तरी बसा. ताटावरनं उठता येतं."

दुसरी अडचण, हा फोन तोंड बघून उघडतो. मी रानात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, नाकाला धूळ, गालात तंबाखूचा बार! फोन म्हणे, हा कोण? सख्ख्या आईनं मला कधी असं झिडकारलं नाही! आणि खिशात घालताना कुठंतरी बोट लागायचं नि बॅटरी लागायची. भर दुपारी देवळापाशी पोरं ओरडली, "भरतभाऊ, खिशात सूर्य उगावलाय राव!" मी म्हणालो, "मुद्दामच लावलाय!"

नारायणगावला माझा शाळेपासूनचा दोस्त रिजवान मोबाईलचं दुकान चालवतो. त्यानं फोन करून सांगितलं, "भरतभाऊ, ये दुकानात. चहा पिता पिता शिकवून टाकतो."

"तू तुझी गिऱ्हाईकं बघ!" मी म्हणालो. "माझं सगळं झालंय शिकून!"

आणि मग तो दिवस आला.

त्या आठवड्यात लाईटची पाळी दिवसाची होती. दुपार कलल्यावर मी उसाला दारं धरायला गेलो. म्हणजे एक सरी पाण्यानं भरली की फावड्यानं माती ओढायची आणि पाणी पुढच्या सरीत वळवायचं. ऊस डोक्याच्या वर गेलेला. आमच्या भागात अशा उसात शिरायचं म्हणजे आधी आवाज करायचा हे लेकराबाळांना पण माहीत! बिबट्याला आपली चाहूल लागली की तो आपणहून बाजूला होतो. जुन्या फोनवर मी भारूडं लावून द्यायचो. नव्यात भारूडं कुठं गेली, त्यांचं त्यांनाच ठाऊक! म्हणून मीच मोठमोठ्यानं बोलत सुटलो.

"ती सरी झाली! आता ही सरी भिजली का बघू…"

तोच माझ्या खिशातून बायकी आवाज आला. इंग्रजीतून!

मी जागेवर उडालो! फोन काढला तर कुणाचा कॉल नाही, काही नाही. परत खिशात घातला. चार पावलं गेलो. "ही सरी तर कोरडीच!" म्हटलं, की बाई पुन्हा बोलली! नंतर कळलं, त्या फोनात सिरी नावाची बाई आहे, आणि 'हे सिरी' म्हटलं की ती ओ देते. आता मला सांगा, उसाला पाणी देणारा माणूस 'ही सरी' म्हणणार नाही तर काय म्हणणार?

नेमकं तेवढ्यात मोहिनी आणि माझी आई कुशाबाई चहाची किटली घेऊन बांधावर आल्या. आई थबकली.

"मोहने, उसात बाई हाय!"

"कुठली बाई?"

"आगं, बोलली आत्ता! इंग्रजी बोलली!"

मोहिनी पदर खोचून तरातरा आत आली. मी हातात फोन घेऊन उभा!

"कोण हाय ती?"

"अगं, फोन आहे!"

"फोन हाय ते मला बी दिसतंय. फोनवर कोण हाय?"

"कोणीच नाही! ती आपली आपण बोलते!"

"आपली आपण? आन् ती बी तुमच्यासंगं, उसात?"

"तुझी शपथ मोहिनी! मी नुसतं म्हणालो, ही सरी…"

बाई लगेच इंग्रजीतून हजर! काय सेवा करू म्हणत असणार. मला शेतातल्या चिखलानं पोटात घेतलं तर बरं, असं झालं!

"बंद करा तिला! आत्ताच्या आत्ता!"

आता जुना फोन बंद करायचा म्हणजे बाजूचं बटण दाबून धरायचं. मी धरलं. तर बाई बंद व्हायची सोडून पुन्हा उगवली! त्या बटणानं ती उलट जागी होते हे मला काय माहीत? घाबरून मी फोन दोन्ही बाजूंनी मुठीत आवळला, लिंबू पिळावं तसा! आवळला तो सोडेचना. आणि फोननं जो भोंगा काढला म्हणता… रामा! कारखान्याचा भोंगा पण लाजावा! माझ्या हातून तो निसटला आणि टप्पकन सरीतल्या पाण्यात!

मी गुडघ्यावर बसून चिखलात चाचपायला लागलो. भोंगा थांबला आणि पाण्यातून एक शुद्ध मराठी आवाज आला, "नमस्कार, एकशे बारा. आपल्याला काय मदत हवी आहे?"

तिकडं बांधावरून आईला वाटलेलं की भोंग्याला घाबरून ती बाई उसात आणखी आत पळाली! ती जीव तोडून ओरडत होती, "ए बये! भायेर ये उसातनं! बिबट्या खाईल तुला! भायेर ये!"

मी फोन उचलला, म्हणालो, "काही नाही, काही नाही!" आणि ओल्या बोटांनी कुठंतरी दाबून कॉल तोडला. झालं! आता तुम्हीच सांगा, तिकडच्या माणसानं काय समजायचं? भोंगा, मग 'बिबट्या खाईल' अशी किंकाळी, आणि मग एकदम शांतता!

पण खरी गंमत पुढं. हर्षालीनं मला न सांगता त्या फोनात संकटातली माणसं म्हणून नावं घालून ठेवली होती. कॉल तुटला की फोननं त्या सगळ्यांना परस्पर कळवलं: भरतनं मदत मागितली आहे, आणि तो ह्या ठिकाणी आहे. ठिकाण कुठलं? तर उसाच्या मधोमध!

चाकणहून हर्षालीचे फोनवर फोन यायला लागले. स्क्रीन ओली, बोटं ओली. हिरवं दाबलं तरी उचलेना! तिनं गावात फोन लावले. रिजवाननं दुकानातूनच जंगलखात्याला कळवलं आणि गाडी काढली. पंधरवड्यापूर्वीच शेजारच्या मळ्यात बिबट्यानं कालवड नेली होती, त्यामुळे विचारायला कुणी थांबलंच नाही! काही झालं नाही हे सगळ्यांना सांगायला म्हणून मोहिनी रस्त्याकडं पळाली, तर तिचं ऐकतंय कोण? ती पळताना बघून लोकांची खात्रीच पटली!

बघता बघता बांधावर अर्धा गाव! कुणी पत्र्याचे डबे बडवतंय, कुणी थाळी, कुणी लग्नातला उरलेला ताशा. दोन ट्रॅक्टर हॉर्न दाबून उभे. कुणीतरी फटाक्यांची लड लावली. लांबून पोलिसांच्या गाडीचा आवाज!

आणि मी? मला बाहेर यायची लाज वाटली हो! मी खाली बसलो. म्हटलं पलीकडच्या बाजूनं हळूच सटकू. रांगायला लागलो.

"हालला! ऊस हालला!" पब्लिक ओरडलं. "त्यो बघा, तिकडं चाललाय!"

दुसरी लड माझ्या कानाशी फुटली!

"अरे मी आहे! मी!" मी केकाटलो.

"जित्ता हाय! आजून बोलतोय!" बांधावरून आवाज आला. "वढत नेतोय त्याला!"

सगळे ओरडत होते, पण उसात कुणी शिरेना. शिरणार कसा? जंगलखात्याची गाडी येईपर्यंत आत जाऊ नका, असं सगळेच एकमेकांना सांगत होते, आणि ते बरोबरही होतं. मी उठून उभा राहणार, तेवढ्यात समोरचा पाला सळसळला. कोयता हातात घेऊन, फेंगडे पाय टाकत एक माणूस माझ्याच दिशेनं येत होता.

हौशीरामदादा!

माझा थोरला चुलतभाऊ. त्याचं घर माझ्या शेताला लागूनच. त्याच्या जेसीबीवाल्यानं माझी पाइपलाइन तोडली तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो समोरून आला की मी वाट बदलायचो, मी दिसलो की तो. साठी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले, जमिनीवर मांडी घालता येत नाही. तो माणूस ऊस हातानं फाकवत ओरडत होता, "भरत! हालू नगंस! म्या आलोय! भिऊ नगंस लेका!"

मी चिखलातून उठून उभा राहिलो. 

तो माझ्यापाशी पोचला. धापा टाकत मला वरून खाली चाचपलं.

"कुठं धरलंय?"

"काय?"

"बिबट्यानं रं!"

"नाही धरलं."

"मग वरडला कशापायी?"

"मी नाही ओरडलो दादा. फोन ओरडला."

त्यानं माझ्या हातातल्या चिखलाच्या गोळ्याकडं पाहिलं.

"फोन कसा काय वरडंल?"

"दोन्ही बाजूंनी दाबला की ओरडतो."

"लेका, दोन्ही बाजूंनी दाबलं तर कुनी बी वरडंल!"

आणि इतक्या दिवसांनी आम्ही दोघं भाऊ समोरासमोर हसलो. असे हसलो की बांधावरचे लोक आणखी घाबरले!

बाहेर आलो तेव्हा आईनं आधी मला मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला. पोलिसांपुढं मी हात जोडले. म्हटलं, साहेब, चुकलो, दंड करा. ते म्हणाले, "असू द्या. माणूस सुखरूप आहे ना, मग आमची फेरी वसूल! पण आता फोन शिकून घ्या." जंगलखात्याचे लोक आलेच होते, तर शेताभोवती चक्कर मारून गेले. रिजवान आला तो पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. दुकान उघडंच टाकून आला होता! त्यानं माझा फोन शर्टानं पुसला, आणि मग म्हणाला, "यार, तूने जान निकाल दी मेरी!"

मोहिनीनं लग्नातल्या पातेल्यात चहा ठेवला. चाळीसेक माणसं अंगणात बसली आणि प्रत्येकजण मी कसा रांगत होतो ते दाखवत होता. एरवी मला राग आला असता. त्या दिवशी वाटलं, दाखवा रे, पोटभर दाखवा! ही सगळी माणसं कामं टाकून धावली होती. कुणाचं दूध काढायचं राहिलं होतं, कुणाची मोटर तशीच चालू होती.

दिवेलागणीला हर्षाली चाकणहून आली. गाडीतून उतरली तीच रडत. तिला जरा शांत केल्यावर मी बाजूला घेऊन विचारलं, "फोनात तुझ्या हौशीरामतात्याचं नाव तू घातलंस?"

"हो."

"आमचं बोलणं बंद आहे, माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं पप्पा. पण शेताला जवळचं घर त्यांचंच. आणि भांडण तुमचं बोलण्याचं आहे. धावत यायचं नाही."

 ही पोरगी खरंच इंजिनियर आहे हो! मी पातेल्यातला शेवटचा चहा कपात ओतला आणि स्वतः नेऊन दादाच्या हातात दिला. तो बशीत ओतून प्यायला, आणि म्हणाला, "साखर कमी हाय." म्हणजे सगळं मिटलं!

आता फोन मला जमतो. मागं जायला काठावरून बोट सरकवायचं, एवढंच. रिजवाननं उसातली बाई पण गप्प करून दिली आहे. तरी परवा एक घोटाळा झालाच. मी बांधावर टेकलो, तर फोन पँटच्या मागच्या खिशात दबला आणि पुन्हा भोंगा! ह्यावेळी मी एकशे बाराला नीट सांगून माफी मागितली, पण घरच्यांना निरोप गेलेच. मोहिनीचा फोन आला, "आधी बटण सोडा." रिजवाननं हसणारी तोंडं पाठवली. हर्षालीनं नुसतं लिहिलं, "पप्पा!!!"

हौशीरामदादाचं मात्र काहीच उत्तर नाही. थोड्या वेळानं बघतो तर स्वारी बांधावरून लंगडत, कोयता परजत येते आहे!

"काय झालं रं?"

खरं सांगायची हिंमत होईना. म्हणालो, "काही नाही दादा. चहाला बोलावलं."

त्यानं कोयता खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्या शेजारी हाश्श करून टेकला.

"बरं केलंस," तो म्हणाला. "घरी दूध नासलं व्हतं."