वानखडे मास्तरांचा 'द'

मलकापुरात दुकानाची पाटी इंग्रजीत लावायची म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या वानखडे मास्तरांच्या तावडीत सापडायचं. रामभाऊ न्हाव्यानं सलूनवर 'बेस्ट हेअर कटिंग' असं झोकात रंगवून घेतलं, तर दुसऱ्या सकाळी मास्तर त्याच्याच खुर्चीवर चढून खडूनं सुरुवातीला 'द' लिहीत होते.

"मास्तर, माह्या पाटीवर काय करून राह्यले?"

"'बेस्ट'च्या आधी 'द' पाह्यजेच बे. नाही तं तो उघडा दिसते."

"मंग टोपी घाला ना त्याले! पण माही खुर्ची सोडा, गिऱ्हाईक उभं हाय."

रामभाऊनं 'द' पुसला. मास्तरांनी पुन्हा लिहिला. आठवडाभर हेच. शेवटी कंटाळून रामभाऊनंच तो रंगवून घेतला.

मी तेव्हा तिथल्या पोस्टात तारेच्या खिडकीवर होतो. तारेत शब्द वाचवायला सारं जग 'अ', 'अ‍ॅन', 'द' गाळतं. मास्तर अडल्यानडल्यांच्या तारा लिहून देत, पण एकही गाळू देत नसत. "भाषेचे हातपाय काऊन तोडता?" म्हणत, आणि जास्तीच्या शब्दांचे पैसे स्वतः भरत. माणूस तऱ्हेवाईक, पण मला आवडायचा.

मुलाच्या बाबतीत मात्र त्यांनी कमाल केली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक श्रीधर दिल्लीला नोकरीत. घरी पत्र इंग्रजीतच लिहायचं, ही मास्तरांची शिस्त. पत्र आलं की ते आमच्या बाकावर बसून तांबड्या शाईनं चुका गोल करत, खाली दहापैकी गुण देत आणि तेच पत्र परत धाडत.

"मास्तर, पोरगं ख्यालीखुशाली कळवते, अन् तुम्ही त्याले गुण देऊन राह्यले?"

"गुण नाही देले तं सुधरन कसा?"

श्रीधर सुधारला नाही. त्यानं लिहिणंच बंद केलं.

मग मास्तर रोज टपालाच्या वेळी येऊ लागले. "माहं काही?" एवढंच विचारत. मी नाही म्हटलं की बाकावर बसून राहत. समोर कापडवाल्यानं नवी इंग्रजी पाटी लावली, तिच्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटायचं.

दिवाळी उलटल्यावर श्रीधरचं कार्ड आलं. मी ते वाचलं, खोटं कशाला सांगू? टायफॉइड झाला होता, आता बरा आहे, तुमची आठवण येते. इंग्रजीत चारच ओळी, आणि 'द' औषधालाही नाही.

मास्तरांनी कार्ड वाचलं. सवयीनं तांबडं पेन काढलं, टोपण उघडलं.

त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

"किती चुका, मास्तर?"

"एकबी नाही," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. "लय हुशार आहे पोरगं माहं."

मग एक कोरं कार्ड घेतलं, माझं निळं पेन मागितलं आणि लिहून शिक्का मारायला माझ्या हाती दिलं. तेही मी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मुलाला आपल्या बोलीत लिहिलं होतं:

"श्रीधर, केव्हा येऊन राह्यला बाबू? मले करमत नाही."