बेंडकुळेकाकांच्या विटा

देवळाली कॅम्पातल्या बेंडकुळेकाकांकडे कॅलेंडर खुर्चीवर बसलेलं असतं आणि पाहुणे उभे असतात. कारण त्यांच्या भिंतीला खिळा ठोकायची कुणाची टाप नाही. बंगला इंग्रजांच्या काळातला, लाल विटांचा, बिनगिलाव्याचा. काका चित्रकलेचे निवृत्त मास्तर आणि आमचे शेजारी. कुणीही आलं की पाणी नंतर, आधी भिंत. "हा थर लांबीचा, हा रुंदीचा. दिसलं? आता हात लावा. हळू." हात लावल्याशिवाय चहा मिळत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गणपती ते दिवाणखान्यातल्या फायरप्लेसच्या कमानीत बसवतात. साहेबाने पाय शेकायला केलेली जागा. मखराचा खर्च वाचतो. उदबत्तीचा धूर सरळ धुराड्यातून वर जातो याचं काकांना कोण कौतुक! आरती थांबवून ते धूर दाखवतात. शांताकाकू मात्र टाळ्या न थांबवता पुढचं कडवं घेतात. यांचं लग्न माझ्याशी लागलं, पण संसार विटांशी, असं त्या चारचौघांत म्हणतात आणि काका ते प्रशस्तिपत्रक समजतात.

एकदा त्यांच्या मुलाने एसी बसवायला माणूस आणला. त्याने ड्रिल काढताच काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आधी मला भोक पाड, म्हणाले. तो बिचारा चहा पिऊन परत गेला.

यंदा उन्हाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. त्यांना घरी आणायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, चाकांची खुर्ची झोपायच्या खोलीच्या दारातून जात नाही. दाराची कमान देखणी, पण अरुंद. मुलगा म्हणाला, आईला माझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर नेतो. काका कमानीच्या विटांवरून हात फिरवत राहिले. म्हातारा कमान राखणार आणि बायकोला घालवणार, असं वाटून मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून गेलो. गवंड्याने वर टेकू दिला होता, पण छिन्नी काकांच्याच हातात होती. ते कमान उतरवत होते. भुवयांवर विटांची लाल धूळ.

"काका, अहो, तुमची कमान..."

"तिला त्या खोलीतल्या खिडकीशिवाय झोप येत नाही," ते वळून न बघता म्हणाले. "माझ्या भिंती तिने जन्मभर सोसल्या. आता भिंतीने जरा सरकावं."

त्यांनी आणखी एक वीट सुटी करून खाली ठेवली.

"उभे काय राहिलात? घमेलं धरा. उद्या येतेय ती."