जस्ताचा फुगा

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, की आज ते पत्रा फुगवणार.

"टायर फुगयतत तसो?" सत्यवानमामाने विचारलं.

"टायर काय कोणय फुगयता. माझो पत्रो जस्ताचो."

सावित्रीने पुस्तकातून मान वर केली नाही. मुंबईच्या एका धातूंच्या प्रयोगशाळेत अण्णांनी, तिच्या वडिलांनी, जन्मभर भट्टी सांभाळली होती. निवृत्त होऊन मालवणला आल्यापासून ते तिथली नवलं सांगत आणि वाडी त्यांना 'थापाडो लवू' म्हणे. सावित्री ज्या शाळेत शिकवायची तिथली पोरंसुद्धा म्हणत. आज पत्रा फुगला नाही, तर हे नाव कायमचं चिकटणार होतं.

शास्त्र तिला ठाऊक होतं. जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू तापवून झटकन गार पाण्यात बुडवला की त्याचे कण कमालीचे बारीक होतात. मग तो पुन्हा तापवून सावकाश ताणला, तर तुटत नाही, पाकासारखा लांबत जातो. अण्णांची भाषा वेगळी होती.

"जत्रेत बारकी पोरां गर्दीतसून कशी सरकतत? तसे बारीक कण सरकतत. तुझ्यासारखे चार आडदांड आडवे इले काय, गर्दी फाटता."

"माका कित्याक मधी वढतास, भावोजी?" मामा म्हणाला.

प्रयोगशाळेतून निरोप घेताना मिळालेले असे दोनच पत्रे होते. शेजारच्या काशीबाईची कढई आली. तीत वाळू, वाळूत लोखंडी नळकांडं, त्याच्या तोंडावर आवळलेला पत्रा, आणि खालून काढलेल्या तांब्याच्या नळीला सायकलचा पंप. त्या कढईत काशीबाईने हंगामभर काजूबिया भाजल्या होत्या, हे कोणी विचारलं नाही. वाडी अंगणात जमली, जाळ पेटला, आणि कढईने हंगामभर प्यालेलं बियांचं तेल एकदम धुराच्या रूपाने परत केलं.

त्या धुरापुढे मिरची म्हणजे खडीसाखर. सगळी वाडी डोळ्यांना पदर लावून हुंदके दिल्यासारखी खोकू लागली. मामाने रडत रडतच पंप धरला आणि बसमागे धावणाऱ्या माणसाच्या घाईने हाणला. फट. पत्र्याला कोकमाएवढं भोक पडलं.

"फुगलो काय?" धुरातून कोणीतरी विचारलं.

"सवकास मारूचो होतो," अण्णा म्हणाले. "आता एकच ऱ्हवलो."

बंदरावरचे बाबूकाका नेमके तेव्हा रस्त्याने चालले होते. लवूच्या अंगणात धूर, माणसं, रडारड. आणि लवू कुठे दिसेना. बाबूकाकांनी समजायचं ते समजून बंदरापर्यंत खबर पोचवली. थोड्याच वेळात एकजण बांबू घेऊन आला, एकजण सुंभ, आणि बाबूकाका स्वतः मडकं.

"बिचारो," ते गहिवरून म्हणाले. "थापा मारी, पण मनान बरो होतो."

"कोण?" धुरातून अण्णांनी विचारलं.

बाबूकाका मडक्यासकट खाली बसले. सगळे त्यांना पाणी पाजायला धावले, मामासुद्धा. पंपाजवळ अण्णा एकटे उरले, आणि तेच हवं होतं. त्यांनी दुसरा पत्रा आवळला. ताप बेताचा आहे ना, ते कळायला कागदाचा कपटा वाळूत खुपसून पाहिला. तो तांबूस झाला, जळला नाही. मग बाळाला पाजावं तसा एकेक दाब देऊन ते थांबू लागले.

पत्रा उठला. आधी बशीएवढा, मग उपड्या वाटीएवढा, मग अर्ध्या शहाळ्याएवढा, गुळगुळीत, चंदेरी, कुठे चीर नाही. धूर विरला तेव्हा प्रेताला आलेल्या माणसांनी तो वाकवाकून पाहिला.

"एवढ्या वर्षांनी माझी कढय नावारूपाक इली," काशीबाई म्हणाली.

मग खांदा द्यायला आलेल्या माणसांनी अण्णांना खांद्यावर बसवून वाडीभर मिरवलं. ते उतरले तेव्हा त्यांनी सावित्रीकडे पाहिलं.

"कसो काय?"

"पाय धुवा. जेवण निवतंय," ती म्हणाली.

पहाटे अण्णा झोपेतच गेले. मामा सांगायला बंदरावर धावला. तिथे हशा पिकला. बाबूकाका म्हणाले, "आज काय फुगयल्यान? मी परत फसूचंय नाय." मामा शपथा घेत दारोदार फिरत राहिला.

त्यामुळे घरात बराच वेळ सावित्री आणि अण्णा, दोघंच होती. ती त्यांच्या उशाशी बसली. ऐकायला कोणी नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली,

"अण्णानू, तुमची एकय गोष्ट माका कधी थाप वाटूक नाय."