गुरनुलेकाकांनी झापलेले किल्ले

आमच्या शेजारच्या गुरनुलेकाकांना भांडायला माणूस लागत नाही. नळाला पाणी आलं नाही, तर ते कुणाकडे तक्रार घेऊन जात नाहीत. नळासमोर उभे राहून नळालाच झापतात. अंगणातल्या लिंबोणीच्या झाडाला यंदा फळ धरलं नाही, तेव्हा कमरेवर हात ठेवून त्यांनी झाडाला चांगलं सुनावलं आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकलं, "मले याचं उत्तर पाह्यजे."

सगळी नोकरी त्यांनी कळंबच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. राळेगावची गाडी उशिरा आली की ते ड्रायव्हरला एक शब्द बोलायचे नाहीत. बॉनेटवर हात आपटून गाडीलाच खडसावायचे. माइक बंद पडला तरी स्टँडवर कुणाला फरक पडत नसे, असा त्यांचा आवाज.

हा माणूस गेल्या हिवाळ्यात ओमानला जाऊन आला. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत मस्कतला एका बांधकाम कंपनीत इंजिनियर आहे. गेली काही वर्षं त्याला गावी यायला जमलं नव्हतं, म्हणून त्यानं आईवडिलांनाच तिकडे बोलावलं. काकूंच्या गुडघ्यांनी विमानाला नकार दिला. मग काका एकटेच निघाले. सोबत ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी आणि मुगवड्यांचा डबा.

परत आले त्या संध्याकाळी अर्धी गल्ली त्यांच्या ओट्यावर जमली. समुद्र, सोन्याचे बाजार, काचेच्या इमारती असं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून आम्ही सरसावून बसलो. काकांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "लय फसवणूक हाय तठी."

मग जी गाडी सुटली ती थांबेना. वाळवंटातून इतक्या लांब नेलं आणि दाखवलं काय, तर मातीची पडकी घरं. छप्पर नाही, दार नाही, आत माणूस नाही. केळापूरला त्यांच्या मामाचं घर याच्यापेक्षा झकास पडलंय, पण ते बघायला कुणी विमानानं येत नाही. वर, पडक्या भिंतीला हात लावू नका अशी पाटी. "माती लागंन म्हून मी हात लावत नाई, अन् हे मलेच सांगून राह्यले," काका म्हणाले.

निजवा नावाच्या गावातल्या किल्ल्यावर तर त्यांचा विशेष राग. तिथं दरवाज्याच्या वर भोकं आहेत. शत्रू आला की त्यातून त्याच्या डोक्यावर खजुराचा उकळता पाक ओतायचे म्हणे. काकांना शत्रूची काळजी नव्हती, पाकाची होती. एवढा गोड जिन्नस दुश्मनाच्या टाळक्यावर वाया घालवायचा आणि घरच्या पोरांनी काय खायचं, हे त्यांनी त्या दरवाज्याला विचारलं. किल्ल्याच्या तळघरातही उतरले. आपल्या कळंबच्या देवळातला चिंतामणीही पायऱ्या उतरून खालीच आहे, पण खाली गेल्यावर निदान गणपती तरी भेटतो. इथं नुसता अंधार.

सगळ्यांत मोठा संताप मात्र थडग्यांचा. उघड्या बोडक्या डोंगराच्या धारेवर दगडांची गोल थडगी ओळीनं उभी आहेत. हजारो वर्षांपूर्वीची. कुणाची, ते कुणालाच माहीत नाही. काकांनी स्टँडवरचा आवाज लावून त्या थडग्यांना विचारलं, की बाबांनो, एवढे दगड वर वाहून आणलेत, तर एखादं नाव लिहायला काय झालं होतं? मागून येणाऱ्याला आपलं कोण, परकं कोण, हे कळायचं कसं? यूसुफ म्हणे त्यांचं बोलणं संपेपर्यंत पाण्याची बाटली धरून अदबीनं उभा होता.

हा यूसुफ म्हणजे प्रशांतनं ठरवून दिलेला गाडीचा ड्रायव्हर. हिंदी बोलणारा. काकांच्या सगळ्या गोष्टींत हा होता. तळघराच्या पायऱ्यांवर हात कुणी धरला, तर यूसुफनं. तिळाची चटणी कुणाला आवडली, तर यूसुफला. तिथं काकांनी न झापलेला एवढा एकच जीव असावा असं मला वाटलं.

मंडळी पांगल्यावर मी काकांच्या मोबाइलवरचे फोटो पाहत बसलो. किल्ल्यासमोर काका, चेहरा रागीट. थडग्यासमोर काका, चेहरा जास्त रागीट. काका आणि यूसुफ, उंटाशेजारी. फोटो संपले तरी प्रशांत कुठे दिसेना. मी विचारलं.

काका एकदम हळू बोलू लागले. प्रशांतचं मोठं काम चालू होतं, रजा मिळाली नाही. काका उठायचे तेव्हा तो बूट घालत असायचा. रात्री यायचा तेव्हा काकांचा डोळा लागलेला असायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा साइटवरून बोलावणं यायचं.

आता राग मला आला. म्हटलं, एवढ्या लांब बापाला बोलावून घ्यायचं आणि ड्रायव्हरच्या हवाली करायचं, ही कुठली रीत? पुढचं बोलणार तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"त्याले काई म्हणू नको, संजू. त्यानं गाडी देली, मानूस देला. रोज सकायी बूट घालता घालता विचारे, बाबा, आज काय पाहाले जाता? मी नाई म्हटलं असतं, त त्याचं दिवसभर कामात ध्यान लागलं नसतं. म्हून गेलो जिकडे नेलं तिकडे."

आतून काकू मुगवड्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या. तो अर्ध्याहून जास्त भरलेलाच परत आला होता. त्यांनी तो फळीवर ठेवला.

चार-आठ दिवसांनी मी ओट्यावर बसलो असताना प्रशांतचा फोन आला. काका तेव्हा पंख्याच्या रेग्युलेटरला झापत होते, ते तसंच सोडून आले. स्पीकरवर प्रशांतचा आवाज पडलेला होता. मला तुमच्यासोबत कुठे यायला जमलं नाही, त्या दगडधोंड्यांत तुम्ही कंटाळला असाल, असं तो म्हणाला.

"कंटाळा कायले यीन?" काका म्हणाले. "लय झकास किल्ले हायेत. एक पाह्याचा राह्यलाच माहा. पुढच्या हिवायात येतो, तवा पाहू."

प्रशांत हसला. कोणता किल्ला, हे त्यानं विचारायच्या आत काकांनी, मागून काकू बोलावतात असं सांगून फोन ठेवला. काकू समोरच बसल्या होत्या.

काकांनी फोन खिशात सरकवला. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"संजू, तुह्या मोबाइलात पाह्य बरं, तठी कोनता किल्ला राह्यला का. मी त्याले सांगून बसलो."

मी शोधून एकाचं नाव सांगितलं. डोंगरात होता, मस्कतपासून बराच आत.

"इतक्या दूर नको," काका म्हणाले. "त्याच्या हापिसाच्या आसपास पाह्य. लहान असला तरी चालते. दुपारच्या सुट्टीत डबा खायाले त्याले तठी येता आलं पाह्यजे."