लोंबीचा नारळ

एका जंगलात, मुलांनो, दोन शाळा होत्या आणि दोन्हींच्या मधे एक नाला होता. अलीकडचं करवंदवाडी विद्यालय आणि पलीकडचं नालापार विद्यालय. दोन्हीकडे अभ्यास बेताचाच होता. पण दोन्हीकडे टोपलीचेंडू होता, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती.

टोपलीचेंडू म्हणजे काय? अगदी सोपं आहे. झाडाला उंचावर एक बिनबुडाची टोपली बांधायची. वेलींचा चेंडू करायचा. तो टोपलीतून खाली पाडायचा आणि समोरच्यांना पाडू द्यायचा नाही. ज्याला हे जमत नाही त्याने कट्ट्यावर बसायचं आणि ते कसं करायला हवं होतं ते सांगायचं.

करवंदवाडीच्या संघात लोंबी नावाची एक वानरी होती. तिची उडी अशी, की चेंडू टोपलीत टाकून झाला तरी ती अजून वरच असे. अर्ध्या मैदानावरून तिने नेम धरला की समोरचा संघ आधीच मान खाली घालून परत फिरायचा.

तिचा खेळ बघायला सगळं जंगल लोटे. येताना प्रत्येकाने मूठभर बोरं किंवा असंच काहीतरी आणायचं, असा नियम होता. त्या जमलेल्या खाऊतून हेडमास्तर बगळेसरांना मासे मिळत. खेळ शिकवणाऱ्या अस्वलसरांना मधाचं एक अख्खं पोळं मिळे. ओरडून ओरडून खेळाचं वर्णन करणाऱ्या साळुंकीलाही उंबरं मिळत. आणि लोंबीला? लोंबीला विद्या मिळे. तीसुद्धा तिसरीतली.

आता वानरांचं कसं असतं, सकाळी जो झाडावर आधी पोचला त्याचं पोट भरतं. लोंबीचा सराव उजाडतानाच सुरू व्हायचा. तो संपेपर्यंत झाडांवर फक्त पानं उरायची, तीही जून. उपाशीपोटी उंच उडी मारली की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मैदान झाडायला शिंगाडे नावाचं एक चितळ होतं. ते तीन पायांवर झाडायचं. चौथा पाय त्याने याच मैदानावर, याच शाळेसाठी खेळताना मोडून घेतला होता. पाय मोडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेने त्याला सगळ्यांसमोर बोलावलं, बगळेसरांनी 'ही शाळा तुला कधीही विसरणार नाही' असं भाषण केलं, अंगावर शाल घातली आणि नारळ दिला.

नारळ देणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर घरी बाबांना विचारा, त्यांच्या ऑफिसात हल्ली कुणाला दिला का म्हणून.

शिंगाडेचं नाव त्याच दिवशी संघातून गेलं. संध्याकाळी नारळही परत मागून घेतला, कारण जंगलात नारळ एकच होता. जंगलाच्या कडेच्या देवळातून कुणीतरी कधीतरी पळवून आणलेला. तो शाळेच्या ढोलीत जपून ठेवलेला असे.

"शिंगाडेकाका," एकदा लोंबीने विचारलं, "माझाही पाय मोडला तर?"

"तर झाडू दोन लागतील," शिंगाडे म्हणाला आणि झाडत राहिला.

अशातच एक दिवस वाघोबा महाराजांचं फर्मान आलं. खेळणाऱ्या पोरांनी खुशाल खाऊ घ्यावा. वाटलं तर वर्षअखेरीला दाखला काढून दुसऱ्या शाळेतही जावं. महाराजांना कुणीही रडका चेहरा घेऊन जेवणाच्या वेळी दारात आलेला आवडत नसे, म्हणून ते असं सगळ्यांना हो म्हणत.

झालं! उंबराखालच्या कट्ट्यावर एकच गदारोळ उडाला. करवंदवाडीचे सगळे चाहते तिथेच बसत.

"खेळण्याबद्दल खाऊ घ्यायचा?" साळिंदर आबांच्या अंगावरचे काटे ताठ झाले. शेजारचे दोघे आपसूक लांब सरकले. "अरे, आमच्या वेळी पोरं शाळेच्या नावासाठी जीव टाकायची!"

आबा त्यांच्या वेळीही कट्ट्यावरच असत, पण ते जाऊ द्या.

"आणि हे दाखला काढून पळणं तर मुळीच नको," कोकिळाताई गळा काढून म्हणाल्या. "आपली पोरं कशी आपल्याच घरट्यात वाढली पाहिजेत."

कावळीण त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिला घरी जाऊन कोकिळाताईंच्या दोन पोरांना भरवायचं होतं.

"निष्ठा हवी, निष्ठा!" तळ्यावरचा चक्रवाक म्हणाला. "एकदा एका ठिकाणचे झालात की जन्मभर तिथलेच. आता माझंच बघा." हे महाशय कार्तिकात हिमालयापलीकडून आले होते आणि फाल्गुनात परत जायचे होते.

"पण मी काय म्हणते," कावळीण चाचरत म्हणाली, "त्या पोरीला पोट आहे की नाही? बगळेसर नाही का मागे दुसऱ्या तळ्यावरची शाळा सोडून आपल्याकडे आले? इथे मासे जास्त म्हणून?"

"ती बढती," आबा ठणकावून म्हणाले. "तिची नि ह्याची काय बरोबरी?"

फरक कावळिणीला कळला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही अजून कळलेला नाही.

तेवढ्यात नाल्यापलीकडून बातमी आली. नालापार विद्यालयाने लोंबीला एक अख्खं जांभळाचं झाड देऊ केलं होतं. सगळ्या फांद्यांसकट, कायमचं, पाय मोडला तरी तिचंच.

आता मात्र कट्टा घाबरला. लोंबी गेली तर करवंदवाडीत उरतं काय? अभ्यास! लगोलग बगळेसरांना बोलावून सभा घेतली.

"आपणही काही द्यायचं का?" कावळिणीने विचारलं. "प्रत्येकाने आठवड्यातून एकदा एकेक फळ दिलं तरी—"

"मुद्दा फळाचा नाहीच आहे," आबा घाईने म्हणाले.

"छे छे, मुद्दा भावनेचा आहे," कोकिळाताई म्हणाल्या.

चक्रवाकाने तर डोळेच मिटले. भावनेचा मुद्दा निघाला की तो ते मिटायचाच.

शेवटी बगळेसरांनी तोडगा काढला. "सत्कार करू," ते एका पायावर उभं राहून म्हणाले. "भव्य सत्कार. शाल आणि आपला नारळ. एवढा मान मिळाल्यावर कोण कशाला जाईल?"

ठराव एकमताने पास झाला. कारण शाल सुगरणींकडून फुकट विणून घेता येत होती आणि नारळ ढोलीत होताच.

इकडे लोंबीने दोन दिवस जांभळाचा विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिंगाडेकडे आली.

"काका, मी नाही जात."

शिंगाडेने झाडणं थांबवलं. "का गं?"

"उडी मारताना सगळा कट्टा 'लोंबी, लोंबी' ओरडतो ना, तेवढा वेळ भूक लागत नाही. आणि टोपली ही माझीच वाटते. फक्त सरांना एक विचारणार आहे. सराव तासभर उशिरा ठेवा म्हणावं. मी आधी खाऊन येईन."

"एवढंच?"

"एवढंच."

शिंगाडेला बरं वाटलं. मलाही हे सांगताना बरं वाटतंय, म्हणून इथेच थांबावं असा मोह होतो. पण पुढे गोष्ट आहे.

लोंबी बगळेसरांकडे निघाली तर काय! मैदानात सगळं जंगल जमलेलं. तिला हाताला धरून मधोमध उभं केलं. तिने तोंड उघडलं, तोवर साळुंकी ओरडू लागली होती.

बगळेसर बोलायला उठले. "लोंबीने या शाळेसाठी जे केलं, ते ही शाळा कधीही विसरणार नाही."

लोंबीला हे वाक्य ओळखीचं वाटलं. शिंगाडेलाही वाटलं. त्याचा झाडू खाली पडला.

"तिने गाजवलेले दिवस आमच्या कायम आठवणीत राहतील," बगळेसर म्हणाले. त्यांना सत्काराचं तेवढं एकच भाषण येत होतं. मग सुगरणींनी तिच्या अंगावर शाल घातली. शाल लगेच टोचायला लागली. आणि ढोलीतून तो नारळ आला.

लोंबी दोन पावलं मागे सरली. "सर, मला नारळ देताय?"

"हो तर!" बगळेसर हसून म्हणाले.

"इतक्या सगळ्यांसमोर?"

"मग काय गुपचूप द्यायचा?" आबा आनंदाने ओरडले.

"म्हणजे ठरलंय तुमचं?"

"एकमताने!" सगळा कट्टा ओरडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोंबीला रडू आवरेना. "बघा, पोरगी किती भारावली," कोकिळाताई म्हणाल्या आणि त्यांनीही डोळे पुसले.

लोंबी तडक ऑफिसात गेली. तिथे मुंगूस भाऊसाहेब दाखले लिहायचे. इतर वेळी ते एका दाखल्याला चार फेऱ्या मारायला लावत. पण नारळ दिलेला त्यांनीही खिडकीतून पाहिला होता. त्यांनी मुकाट्याने दाखला लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'नारळ.'

लोंबी शाल तिथेच ठेवून, नारळ काखेत मारून नाला ओलांडून गेली. नारळ परत द्यायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या हंगामात दोन्ही शाळांची गाठ पडली, करवंदवाडीच्याच मैदानावर. लोंबी आता नालापारकडून खेळत होती. जांभळं खाऊन तिची जीभ जांभळी झाली होती आणि उडी हातभर वाढली होती.

"गद्दार!" आबा काटे फुलवून ओरडले. "खाऊसाठी विकली गेली!"

"एवढा मान दिला, तरी गेली," कोकिळाताई हळहळल्या.

"आपला नारळ घेऊन गेली!" चक्रवाक म्हणाला. तो त्या वर्षीचा नवीन चक्रवाक होता. जुना दुसऱ्या तळ्यावर गेला होता.

करवंदवाडीचा धुव्वा उडाला. खेळ संपल्यावर सगळा कट्टा नाल्याच्या काठापर्यंत धावत गेला आणि एकसुरात ओरडू लागला, "नारळ परत कर! नारळ परत कर!"

पलीकडच्या काठावर लोंबी थांबली. तिने नारळ आणला. हातात घेऊन एकदा कानाशी हलवून बघितला. आत पाणी नव्हतंच, कधीचं आटलं होतं.

"घ्या!" ती म्हणाली आणि तिने तो फेकला.

नारळ नाल्यावरून गेला, कट्टेकऱ्यांच्या डोक्यांवरून गेला, सगळं मैदान ओलांडून गेला आणि करवंदवाडीच्या टोपलीतून, कडेला जरासुद्धा न लागता, अलगद खाली पडला. शिंगाडेच्या पायांपाशी.

आणि सगळ्या कट्ट्याने टाळ्या वाजवल्या. "लोंबी, लोंबी!" असं ओरडलेसुद्धा. सवय, दुसरं काय.

मग टाळ्या थांबल्या. कावळीण हळूच म्हणाली, "तासभर उशिरा सराव ठेवा, एवढंच विचारायला आली होती ती त्या दिवशी. शिंगाडे सांगत होता."

आबांचे काटे खाली बसले. मला वाटलं, आता यांना कळलं.

"माझं स्पष्ट मत आहे," शेवटी आबा घसा खाकरून म्हणाले, "आपण एकच नारळ दिला, तिथे चुकलं. दोन द्यायला हवे होते."

तो नारळ मात्र लगेच कामी आला. हरल्याबद्दल त्याच संध्याकाळी तो अस्वलसरांना देण्यात आला. या वेळी कुणाचाही गैरसमज झाला नाही.

तात्पर्य: बाळांनो, खूप सराव करून मोठे खेळाडू होण्याच्या फंदात पडू नका. खेळाडूला भूक लागते आणि त्यामुळे त्याची निष्ठा बिघडते. त्यापेक्षा पोटभर जेवून कट्ट्यावर बसा आणि चाहते व्हा. चाहत्याला कधीच कुणी नारळ देत नाही.