खुराड्यातला संत

अट्रॅक्टा गेरॅटी सकाळी दाणे टाकायला गेली, तर खुराड्यात एक जर्मन बाई गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली.

"काय हो, अंडी उबवताय का?"

"शू! केवढी शांतता आहे इथे," जर्मन बाई पुटपुटली. लाल कोंबडी तिच्या बुटाची नाडी ओढत होती.

अट्रॅक्टा बाहेर आली. दाराशी नवी कोरी पाटी : 'संताची ध्यानकुटी. सहावं शतक.'

पाटी कुंपणापलीकडच्या पडक्या मठाची होती. अट्रॅक्टाच्या लहानपणी तिथे 'भिंतीवर चढू नये' एवढंच लिहिलेलं असे. पुढे सनावळ्या आल्या, मग सरदारांची नावं आली नि गेली. आता वारसा खात्याला लोकांना 'अनुभव' द्यायचा होता. पाटी ठोकणाऱ्यांनी कुंपण ओलांडलं, एवढंच.

तिनं खात्याला फोन केल्यावर फीअक्रा टूही हा तरुण अधिकारी हजर झाला.

"चूक झाली खरी, गेरॅटीबाई. पण पाटी हलवायची तर पुन्हा समिती बसणार."

"ती बसेल तेव्हा बसेल. माझ्या कोंबड्यांनी कुठे बसायचं? माझ्या बापानं बांधलंय हे!"

"दगड कुठले हो?"

अट्रॅक्टा जरा घुटमळली. "मठातलेच. पडलेच होते तिथे."

फीअक्राचे डोळे चमकले. "म्हणजे दगड अस्सल! मग ही संरक्षित वास्तू झाली. कोंबड्या हलवाव्या लागतील."

"हात तर लाव एकीला!"

दुपारी तिनं एका फळीवर रंगानं लिहिलं : 'हे खुराडं आहे. संत इथे कधी राहिला नाही. पटत नसेल तर कोंबड्यांना विचारा.' फळी ठोकून ती दाताळं घेऊन दारात उभी राहिली.

पर्यटकांनी भरलेल्या बस येऊ लागल्या. तिनं दाताळं उगारलं की टाळ्या पडत.

"माझी पणजी अश्शीच होती!" एक अमेरिकन गहिवरला.

"मग तिच्याच घरी जा!" ती कडाडली. लोक आणखीच खूश.

उन्हाळा सरता सरता फीअक्रा आला. त्यानं संताची पाटी उपटली आणि नवी ठोकली : 'पारंपरिक कुक्कुटपालन व स्थानिक महिलेचा उत्स्फूर्त संताप. सोमवारी बंद.'

"जिंकलात की! कोंबड्या राहतील, तुम्हीही राहा. फक्त जरा मोठ्यानं ओरडत चला, मागच्यांना ऐकू जात नाही."

अट्रॅक्टाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी ओठांवर आली, ती तिनं गिळली आणि दाताळं भिंतीला टेकवलं. तेवढ्यात बस आली. लोक कॅमेरे सरसावून उतरले.

"या, या! दमला असाल. ताजा सोडा-ब्रेड केलाय, चहा घेऊनच जा."

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. "तुम्ही ओरडणार नाही?"

"मी? इश्श! मी जन्मात कुणाला चढ्या आवाजात बोलले नाही."

"गेरॅटीबाई, थोडं तरी!" फीअक्रा हात जोडून कुजबुजला.

"साखर किती घालू, बाळा?"

"अहो, ओरडा ना!" फीअक्रा पाय आपटत असा किंचाळला, की कोंबड्या छपरावर चढल्या.

सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.