सेनापतीची उलटी मोजणी

"बंद पडलेलं घड्याळ नुसतं कानाशी धरून त्याचं दुखणं सांगणारा मी! एका खलनायकाच्या मनातलं ओळखायला कितीसा वेळ लागणार?" असं बायकोला ऐकवून घड्याळजींनी टीव्हीसमोर मांडी ठोकली.

कारणही तसंच होतं. तीन महिन्यांपूर्वी लेक दुकान सोडून परगावी नोकरीला निघाली, तेव्हा घड्याळजी तोफेसारखे धडाडले होते. लेक दारातून एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही अगदी त्या सेनापतीसारखे आहात!" तेव्हापासून अबोला. सेनापती म्हणजे तिनं नुकत्याच बघायला घेतलेल्या अंतराळ-मालिकेतला खलनायक, एवढं बायकोकडून कळलं. पण म्हणजे नेमका कसा? तीन महिने हाच प्रश्न त्यांच्या डोक्यात टिकटिकत होता.

टीव्हीवरच्या यादीत सगळ्यात वर भाग अठरावा, तळाला पहिला.

"अहो, खालून सुरू करायचं असेल," बायको म्हणाली.

"रॉकेट सोडताना कसं मोजतात? दहा, नऊ, आठ! आणि ही मालिका अंतराळातलीच ना? शिवाय घड्याळसुद्धा पाठीकडूनच उघडतात!"

झालं! अठराव्या भागात सेनापतीनं आपल्या गुदमरणाऱ्या लेकीला स्वतःच्या नळीतली हवा दिली आणि प्राण सोडला. घड्याळजींनी डोळे पुसले. "देवमाणूस!"

दहाव्यात त्यानं तिला कोंडून ठेवलं. का, तर तिच्याच भल्यासाठी म्हणे! पाचव्यात तेच राज्याच्या भल्यासाठी. "दर भागाला याचं कारण नवं! हा माणूस आहे की सरडा?" आणि पहिल्या भागात, लेक जाऊ नये म्हणून त्या गृहस्थानं ग्रहावरचं एकुलतं एक यानच जाळून टाकलं!

घड्याळजींनी टीव्ही बंद केला. निघायच्या दिवशी लेकीच्या बॅगेची किल्ली आपणच जुन्या चिमट्यांच्या डबीत लपवली होती, हे त्यांना आठवलं. तेही तिच्या भल्यासाठीच! की दुकानाच्या? की आणखी कशाच्या? एवढी घड्याळं उघडली, पण ही डबी कधी उघडली नव्हती.

त्यांनी फोन लावला.

"पोरी, तुझं बरोबर होतं. सुरुवातीला किती चांगला होता गं तो! लेकीला स्वतःची हवा देऊन मेला बिचारा. मग किडत किडत गेला. माझंही तसंच झालं."

 "बाबा, मेला? कितव्या भागात?"

"पहिल्याच! अठराव्या."

"बाबा!!! उलटी बघितलीत तुम्ही! मी दर रविवारी एक, असं करत आता कुठे बाराव्यावर आलेय! सगळा शेवट फोडलात!"

"म्हणजे... तो सुधारत जातो?"

"जातो वाटतं! आता तुम्हीच सांगितलंत!"

"मग मला सेनापती म्हणालीस, तो कुठल्या भागातला?"

"तेव्हा मी पहिलाच बघितला होता."

घड्याळजी खजील झाले. "आणि आता?"

"ठरवलं नव्हतं अजून! पण आता शेवटच कळला म्हटल्यावर काय करणार? रविवारी येते. पहिल्यापासून बसायचं! आणि तुम्ही लपवलेली माझी किल्ली काढून ठेवा!"

"काय म्हणाली हो?" बायकोनं आतून विचारलं.

"भयंकर चिडलीय," घड्याळजी हसत म्हणाले आणि चिमट्यांची डबी शोधू लागले. ती मात्र कुठे ठेवली होती, ते काही केल्या आठवेना!